२५ मिलिमीटरचा एक शाफ्ट आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा

२५ मिलिमीटर व्यासाचा, १२० मिलिमीटर लांबीचा एक साधा शाफ्ट, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला चावीची खाच, मध्ये एक पायरी, बाकी गुळगुळीत. असा शाफ्ट भोसरीत, वाळूजला, साताऱ्याच्या नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत रोज हजारांनी बनतो. मेकॅनिकलच्या डिप्लोमात तीन वर्षं नक्की काय शिकवतात आणि पुढे पोट कशावर चालतं, हे विषयांच्या यादीपेक्षा या शाफ्टच्या मागे मागे गेलं तर लवकर कळतं.

आधी कागद. शाफ्टच्या ड्रॉइंगवर व्यासापुढे '२५ जी-६' असं लिहिलेलं असतं. हा शाफ्ट ज्या बुशात (नळीसारख्या आधारात) फिरणार, त्याच्या भोकापुढे '२५ एच-७'. नवख्याला दोन्हीकडे २५ च दिसतं. पण जी-६ म्हणजे शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या दरम्यान हवा आणि एच-७ म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ च्या दरम्यान. कुठलाही शाफ्ट उचला, कुठलंही बुश उचला, दोघांमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राहणारच. तेवढ्या फटीत तेलाचा पापुद्रा बसतो आणि शाफ्ट फिरतो. एकाच मापाला अशी दोन टोकं असतात आणि त्यांच्यामधल्या अंतराला टॉलरन्स म्हणतात, ही मेकॅनिकलमधली पहिली खरी शिकवण. आपल्या शाफ्टला मिळालेला टॉलरन्स १३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तेरा. वर्कशॉपमध्ये जुनी माणसं अजून 'दोन सूत काढ' असं सहज बोलून जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. त्या सुतापासून या मायक्रॉनपर्यंत नजर बारीक करत नेणं हाच बराचसा अभ्यासक्रम आहे.

ड्रॉइंग वाचण्यात आणखी एक मेख असते. भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात. त्यात वस्तू वरून कशी दिसते ते चित्र समोरच्या चित्राच्या खाली येतं आणि उजव्या बाजूचं चित्र डावीकडे. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे सगळं उलट. कोणती पद्धत आहे हे शीर्षकाच्या चौकटीत कापलेल्या शंकूच्या छोट्या खुणेनं दाखवलेलं असतं. ती खूण न पाहता काम सुरू केलं तर खाच चुकीच्या बाजूला पडते, भाग आरशातल्यासारखा उलटा बनतो आणि अख्खा लॉट भंगारात जातो. पहिल्या वर्षी 'नुसत्या रेघा मारायला लावतात' म्हणून ज्या विषयाचा कंटाळा येतो, तो हाच.

आता शाफ्ट लेथवर घेऊ, म्हणजे बार फिरवत ठेवून टूलनं कापणाऱ्या मशीनवर. २८ मिलिमीटरचा ईएन-८ पोलादाचा बार आहे. किती वेगानं फिरवायचा? कटिंग स्पीड (टूलसमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो तो वेग) गुणिले १००० भागिले पाय (π) गुणिले व्यास, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. हाय स्पीड स्टीलचं टूल असेल तर मिनिटाला २५ मीटर धरा. उत्तर येतं २८४ आरपीएम, म्हणजे मिनिटाला २८४ फेरे. लेथच्या गिअरबॉक्सवर नेमका हा आकडा नसतोच, तेव्हा त्याच्या खालचा जवळचा वेग घ्यायचा. कार्बाइड इन्सर्ट (त्याहून कठीण, बदलता येणारं टोक) असेल तर मिनिटाला १५० मीटर सहज चालतात आणि तोच आकडा जातो १७०५ वर. कार्बाइडचा वेग हाय स्पीड स्टीलच्या टूलला दिला की काय होतं ते अर्ध्या मिनिटात दिसतं: टोक निळं पडतं, धार मऊ होते, टूल कापायचं सोडून घासायला लागतं. उलट, कार्बाइडला फार कमी वेग दिला तर धातू टोकाला चिकटून बसतो आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. सूत्र एकच, पण त्यात कोणता आकडा घालायचा हे हातातलं टूल बघून ठरतं.

पुढची चूक तर ठरलेलीच. २८ चे २५ करायचे म्हणजे व्यासात ३ मिलिमीटर, पण टूल आत जायला हवं दीडच, कारण धातू दोन्ही बाजूंनी निघतो. काही लेथच्या डायलवरचे आकडे टूल किती सरकलं ते सांगतात, काहींवरचे व्यास किती कमी होणार ते. कुठला डायल आहे हे न तपासता हात फिरवला की जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, एका फटक्यात बारीक होतो. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं जोडता येत नाही. म्हणून नव्या मशीनवर आधी अर्ध्या मिलिमीटरचा काप घेऊन मोजायचं आणि मगच पुढे जायचं.

लांबी व्यासाच्या जवळपास पाचपट आहे, त्यामुळे दुसरं टोक टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या बाजूच्या आधाराच्या) सेंटरवर धरावं लागतं. नाही धरलं तर टूलच्या दाबानं मोकळं टोक मागे वाकतं, तिथे धातू कमी निघतो आणि शाफ्ट चकपासून (बार पकडणाऱ्या जबड्यापासून) टोकाकडे जाडा होत जातो. त्यातही १३ मायक्रॉनचा टॉलरन्स साध्या लेथवर भरवशानं सांभाळता येत नाही. म्हणून टर्निंगमध्ये २५.३ च्या आसपास थांबतात आणि उरलेलं ग्राइंडिंगमध्ये काढतात. कुठल्या मशीनवर किती काढायचं, कोणत्या क्रमानं आणि कुठे धरून, हे ठरवणं म्हणजे प्रोसेस प्लॅनिंग. बी-टेकवाल्यांच्या बरोबरीनं डिप्लोमावाले जिथे टिकतात, अशा जागांपैकी ही एक आहे. कारण इथे पुस्तकापेक्षा मशीनची ओळख जास्त उपयोगी पडते.

मोजण्याबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण मुलं सगळ्यात जास्त इथे घसरतात. कॉलेजमधल्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. शाफ्टचा अख्खा टॉलरन्सच १३ मायक्रॉनचा. म्हणजे व्हर्नियरनं हा शाफ्ट पास की नापास हे ठरवताच येत नाही, कितीही डोळे ताणले तरी. साधा मायक्रोमीटर ०.०१ चा, तोही काठावरच. उपकरण टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं बारीक मोजणारं असावं, असा शॉपमधला ठोकताळा आहे. तेव्हा इथे एक मायक्रॉन दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर नाहीतर कंपॅरेटर (प्रमाण मापाशी तुलना करणारं उपकरण) लागतो. शंभर-दोनशे नग एकामागून एक तपासायचे असतील तर गो-नोगो गेज वापरतात: 'गो' बाजू बसली पाहिजे, 'नोगो' बाजू बसता कामा नये.

त्यात उष्णता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. मशीनवरून नुकताच उतरलेला शाफ्ट खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर २५ मिलिमीटरच्या व्यासात जवळपास ९ मायक्रॉनची वाढ दिसते. गरम असताना मोजलं, २४.९८५ आलं, ऑपरेटर खूश. अर्ध्या तासानं थंड झाल्यावर तोच शाफ्ट २४.९७६ भरतो, खालच्या मर्यादेपेक्षा बारीक, रिजेक्ट. माणूस चुकलेला नाही, मायक्रोमीटर चुकलेला नाही, फक्त वेळ चुकली. मापांचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरलं आहे ते यासाठीच, आणि मोठ्या कंपन्यांच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये एसी असतो तोही यासाठीच. दुपारच्या शिफ्टमध्ये रिजेक्शन का वाढतं, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

शाफ्ट तयार झाला, बसला, फिरायला लागला. तो तुटणार का? दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये याचं गणित येतं. ५.५ किलोवॅटची मोटर १४४० आरपीएमनं फिरत असेल तर शाफ्टवर पीळ येतो सुमारे ३६.५ न्यूटन-मीटर आणि २५ मिलिमीटरच्या अखंड गोल शाफ्टात त्यामुळे निर्माण होणारा ताण चौरस मिलिमीटरला १२ न्यूटनच्या आत. ईएन-८ ला झेपणाऱ्या ताणाच्या तो पासंगालाही पुरत नाही. परीक्षेत इथे उत्तराखाली दोन रेघा मारून पान उलटतात. पण कारखान्यात असेच शाफ्ट तुटतात आणि बहुतेक वेळा पायरीच्या कोपऱ्यात नाहीतर चावीच्या खाचेपाशी. पायरीला गोलाई ठेवली नसेल, कोपरा धारदार असेल, तर ताण तिथे गोळा होतो. बेल्ट जास्त ताणलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट थोडासा वाकतो आणि सरळ होतो. मिनिटाला १४४० वेळा. तुटलेलं तोंड नीट पाहिलं तर बराचसा भाग गुळगुळीत, समुद्राच्या वाळूवर उठतात तशा बारीक लहरींचा दिसतो आणि शेवटी थोडासा खडबडीत तुकडा. त्या लहरी म्हणजे भेग हळूहळू पुढे सरकल्याची नोंद. हे ज्याला वाचता येतं तो मेंटेनन्सवाला नुसता शाफ्ट बदलत नाही, बेल्टचा ताण आणि पुलीची रेषाही तपासतो. नाहीतर नवा शाफ्टही महिन्याभरात तुटतो आणि दोष 'मटेरियल डुप्लिकेट आलंय' यावर जातो.

अभ्यासक्रमाचा आत्मा हा एवढाच. बाकी थर्मल, फ्लुइड मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स, थिअरी ऑफ मशीन्स हे विषय याच विचाराच्या फांद्या आहेत.

प्रवेशाचं थोडक्यात. डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. दहावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांमधून प्रवेश होतो, पात्रतेला किमान ३५ टक्के लागतात. बहुतेक कॉलेजांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं, काही जुनी सरकारी तंत्रनिकेतनं स्वायत्त आहेत. दोन वर्षांचा आयटीआय किंवा बारावी सायन्स झालं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण आयटीआयवरून येणाऱ्यांचं गणित पुष्कळदा मागे पडलेलं असतं, ते सुट्टीतच भरून काढलेलं बरं. पसंतीक्रम भरताना जपून: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते पक्कं धरलं जातं, मग 'दुसरं हवं होतं' म्हणून उपयोग नाही. फी-सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा. संस्थास्तरावरच्या जागा घेणाऱ्यांचं इथेच पुष्कळदा अडतं. जातपडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरची कागदपत्रं निकालानंतर नाही, दहावीचं वर्ष सुरू असतानाच मार्गी लावावीत.

कॉलेज निवडताना इमारत आणि बस बघण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये जाऊन या. किती लेथ चालू आहेत आणि एका लेथवर किती मुलं उभी राहतात ते मोजा. सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशीनवर प्लॅस्टिकचं आवरण आणि धूळ असेल तर ते मशीन तपासणीच्या दिवसापुरतं आहे असं समजा. मायक्रोमीटर कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हातात, हेही बघा. पहिल्या वर्षी गणित आणि दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स हे दोन विषय मुलांना पाडतात. पहिल्याचं कारण साधं आहे: दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि इथे अचानक इंग्रजीतून लॉगरिदम नि डेरिव्हेटिव्ह. दुसऱ्याचं कारण असं की बेंडिंग मोमेंटचा आलेख पाठ करता येत नाही, तो दरवेळी नव्यानं काढावा लागतो. विषय साचत गेले की 'ईयर डाउन' होतं आणि एक वर्ष हातचं जातं.

सीएनसीबद्दल एक इशारा. बाहेरच्या क्लासमध्ये जी आणि एम कोड पाठ करून घेतात, जी-०० म्हणजे वेगानं जा, जी-०१ म्हणजे कापत जा, एम-०३ म्हणजे स्पिंडल फिरव. कोड दोन आठवड्यांत येतात. मशीन मात्र आपटतं ते ऑफसेटच्या (टूलच्या लांबी-जागेच्या नोंदीच्या) चुकीनं नाहीतर दशांश चिन्हानं. काही कंट्रोलवर 'एक्स २५' असं बिंदूशिवाय लिहिलं तर मशीन ते २५ मायक्रॉन असं वाचतं, २५ मिलिमीटर नाही. म्हणून नवा प्रोग्रॅम आधी जॉबपासून दूर, ड्राय रनवर चालवायचा, मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ, हात फीडच्या बटणावर ठेवून. कॅडचंही (संगणकावर ड्रॉइंग काढण्याचं) तसंच. सॉफ्टवेअरचं नाव प्रमाणपत्रावर असलं तरी टॉलरन्स कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे कळत नसेल, तर तो माणूस ड्रॉइंग काढतो पण डिझाइन करत नाही. कंपन्यांना ते पहिल्या मुलाखतीतच कळतं.

नोकऱ्या त्या शाफ्टच्याच वाटेवर विखुरलेल्या आहेत. प्रॉडक्शनमध्ये सर्वाधिक जागा, सर्वाधिक शिफ्ट आणि आकड्यांचा सर्वाधिक तगादा. क्वालिटीत फर्स्ट पीस तपासणं, ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ शोधणं; सीएमएम (भागाची मापं तिन्ही दिशांनी घेणारं यंत्र) चालवता आलं तर मोल वाढतं. मेंटेनन्समध्ये रात्री-अपरात्री फोन येतात, पण मंदीत सगळ्यात शेवटी हात लागतो तो याच खात्याला. टूलरूमचा (साचे आणि डाय बनवणाऱ्या खात्याचा) माणूस तयार व्हायला वर्षं लागतात म्हणून त्याला सहजासहजी सोडत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्थांत टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा वेगळा डिप्लोमाच असतो. पंप, कॉम्प्रेसर, बॉयलर कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर सतत फिरतीवर असतात, बोलायला घाबरणाऱ्याला हे काम जमत नाही. कोल्हापूरकडच्या मुलांनी फाउंड्रीला (ओतकामाला) नाकं मुरडू नयेत: शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांमध्ये वाळूतला ओलावा टक्क्याभरानं वाढला की कास्टिंगमध्ये वायूचे फुगे पडतात, आणि हा ओलावा ताब्यात ठेवणारा माणूस पावसाळ्यात सोन्याच्या भावाचा असतो.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे मेकॅनिकल संपलं, असं घरोघरी ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, क्रँकशाफ्ट असलेच भाग बनवणाऱ्या कारखान्यांना झळ बसणार. पण मोटरलाही शाफ्ट लागतो आणि तो इंजिनापेक्षा जास्त वेगानं फिरत असल्यामुळे त्याचं बॅलन्सिंग नि बेअरिंगचं फिट आणखी काटेकोर लागतं. बॅटरीची पेटी, तिचं थंड राहणं, फिक्स्चर, साचे हे सगळं मेकॅनिकलच आहे. सोबत थोडं इलेक्ट्रिकल, सेन्सर आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) यायला हवं, एवढाच फरक.

पहिल्या पगाराबाबत भ्रम नको. डिप्लोमानंतर एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप हा बहुतेकांचा दरवाजा आहे. १९६१ च्या कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांत डिप्लोमाधारकाला महिना किमान ८००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. अ‍ॅप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे आधीच समजून घ्या. त्यानंतर जी ऑफर येईल त्यावर तीन गोष्टी बघा: नियुक्तीपत्रावर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, पीएफ कोण भरणार आणि सांगितलेल्या आकड्यातून कँटीन-बस वजा जाता हातात किती येणार. 'कंपनीत लावतो, आधी पैसे भरा' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सरकारी बाजूला रेल्वे आणि एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे) या दोन्हींच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा डिप्लोमावर देता येतात. सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर भत्ते. एसएससीच्या पहिल्या पेपरात २०० पैकी १०० गुण मेकॅनिकलचेच असतात, म्हणजे कॉलेजचाच अभ्यास. पण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

पदवी हवी असेल तर डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी लागत नाही. अडचण एकच, पण मोठी: बारावीचं गणित आणि पहिल्या वर्षाचं गणित वगळून मुलं थेट लाप्लास आणि फूरिअरच्या गणितावर येऊन आदळतात. निकाल आणि प्रवेश यांच्यातले महिने इंटिग्रेशनला दिले तर तिसरं सत्र निभावतं. राज्यसेवेतल्या अभियांत्रिकी पदांना पदवी लागते. डिझाइन किंवा संशोधनात जायचं असेल तरी पदवी लागतेच. शॉपफ्लोअरवरच राहायचं असेल तर आधी दोन वर्षं नोकरी आणि मग पदवी हा क्रमही वाईट नाही.

मुलाखतीला जाताना एवढं लक्षात असू द्या. जाणकार मुलाखतकार व्याख्या विचारत बसत नाही. टेबलावर एक जॉब, एक ड्रॉइंग आणि एक मायक्रोमीटर ठेवतो आणि म्हणतो, 'मोजून सांगा.' बहुतेक मुलं लगेच जॉब पकडतात. तो मात्र बघत असतो की आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली का, ती टेकवून शून्य तपासलं का आणि शेवटी थिंबल (फिरवायची नळी) हातानं आवळली की रॅचेटनं (ठरावीक दाबाला सुटणाऱ्या टोकानं). तोंडं टेकल्यावर आकडा ०.०२ दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक मापातून ०.०२ वजा करायचे.